बाबांचा पितळी टॉर्पेडो

सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये फरशी नव्हती, डेक होतं. स्वयंपाकघर नव्हतं, गॅली होती. बाबांनी नौदल सोडून दोनेक वर्षं झाली होती, पण नोकरी सुटली तरी बोली सुटली नव्हती. आई वेंगुर्ल्याची. तिनं ह्या बोलीपुढे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हात टेकले होते म्हणे, पण उलट उत्तर द्यायचं काही सोडलं नव्हतं. "डेक पुसून झालं का?" असं बाबांनी विचारलं की ती कढईवरून मान न वळवता म्हणायची, "फरशी पुसली. डेक तुमचं तुम्ही पुसा." मग बाबा खरोखरच बादली घेऊन बसायचे आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. शेजारच्या फ्लॅटमध्ये दुपारभर माजाँग चाले. त्या सोंगट्यांचा खळखळाट भिंतीतून इतका स्वच्छ ऐकू यायचा की त्यांचा डाव संपला की आमच्या घरात एकदम चुकल्यासारखं वाटे. रविवारी आई टेक्का मार्केटातून बांगडे आणि कोलंबी आणायची, वेंगुर्ल्याहून आणून पुरवून पुरवून वापरलेलं कोकम काढायची, आणि वाटप वाटताना इथल्या नारळाला मनसोक्त शिव्या द्यायची. माझ्या मुलीला मी हे सांगायला लागले की ती कानातले इयरफोन न काढता म्हणते, "यू ऑल सो नॉइझी, लाह." आता नॉइझी तर नॉइझी. होतोच आम्ही.

बाबा म्हणजे कमांडर वालावलकर, टॉर्पेडोवाले. नौदलात तोफांवाले असतात, पाणबुड्यांवाले असतात, तसे हे. सरावाच्या टॉर्पेडोत दारूगोळा नसतो हे मला फार लहानपणी कळलं होतं. तो सोडायचा, तो ठरलेल्या खोलीवरून धावतो, धाव संपली की पाण्यावर येऊन तरंगतो, मग बोटीनं जाऊन त्याला परत आणायचं. न तरंगता तळाला गेला तर गेला. एक टॉर्पेडो हरवणं म्हणजे टॉर्पेडोवाल्याच्या कपाळावर कायमचा डाग. पुढे बढतीच्या वेळी कुणीतरी ते काढतंच. बाबांनी अख्ख्या नोकरीत एकही हरवला नव्हता. हे ते स्वतः कधी बोलायचे नाहीत, पण दिघेकाका बोलायचे. दिघेकाका बाबांचे नौदलातले जोडीदार, आमच्या आधी सिंगापूरला येऊन जहाजांच्या तपासणीच्या कामाला लागलेले. "तुझा बाप एक वेळ बायकोला मार्केटात विसरेल," ते मला म्हणायचे, "टॉर्पेडो नाही विसरणार." आणि एकदा बाबा आईला खरंच विसरून आले होते, पण ते वेगळं प्रकरण आहे.

सिंगापूरला आम्ही होतो ते बाबांच्या पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर. एका सागरी प्रशिक्षण संस्थेत ते शिकवायचे, तिथे दोन वर्षांचा करार होता, आणि तो संपत आला होता. करार वाढला तर पास वाढणार, पास वाढला तर आम्ही राहणार. इतकं सोपं गणित होतं आणि तिघांच्याही डोक्यात ते दिवसरात्र चालू होतं. मी सोळा वर्षांची, ओ लेव्हलच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या वर्षात. मला इथे सोन्यासारख्या मैत्रिणी मिळाल्या होत्या, आठवी शाळा होती ही माझी, आणि नववी मला नको होती. बदलीच्या नोकरीवाल्याच्या मुलीला विचारा, ती सांगेल: नव्या वर्गात पहिल्या दिवशी डबा कुणाजवळ बसून खायचा ह्याच्याइतका मोठा प्रश्न जगात नसतो. मी गणपतीला सांगून ठेवलं होतं की ह्या वेळी पास वाढू दे, बाकी काही मागत नाही. संस्थेचे प्रमुख कॅप्टन चुआ, तेही निवृत्त नौदल अधिकारी, भला माणूस. त्यांना आमचं आडनाव झेपायचं नाही, ते बाबांना कमांडर वाला म्हणत. त्यांनी बाबांना बोलावून सांगितलं की वार्षिक समारंभाला संस्थेच्या संचालक मंडळाचे लोक येणार आहेत, त्याच आठवड्यात करारांचे निर्णय होतील, तेव्हा त्यांच्यासमोर काहीतरी दाखवा, लक्षात राहील असं. बाबा घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, "पहिला टॉर्पेडो करून दाखवतो." आई म्हणाली, "हात धुवा आधी."

पहिला म्हणजे अगदी पहिला, जगातला. त्याची गोष्ट मी त्या दिवसांत जेवताना इतक्यांदा ऐकली की आजही पाठ आहे. एक म्हातारा ऑस्ट्रियन नौदल अधिकारी होता, त्याच्या मनात आलं की किनाऱ्यावरून दोऱ्यांनी वळवता येईल अशी दारू भरलेली छोटी नाव करावी, म्हणजे शत्रूच्या जहाजाजवळ माणूस पाठवायला नको. दोऱ्यांचा व्हायचा तो गुंता झाला. मग तो एका बंदरातल्या इंग्रज इंजिनियरकडे गेला. इंजिनियरनं नाव आणि दोऱ्या दोन्ही फेकून दिल्या आणि पाण्याखालून दाबलेल्या हवेवर आपली आपण धावणारी नळी केली. दोघांची नावं बाबा आदरानं घ्यायचे. मी घेत नाही, माझ्या तोंडून त्यांचे उच्चार ऐकून बाबांना ठसका लागायचा. नळी धावली, पण सरळ राहीना. पाण्याचा दाब ओळखून माशाच्या कल्ल्यांसारखे पंख हलवणारी एक चकती तिच्यात होती. नळी खोल गेली की चकती तिला वर ढकले, पण ती वर आली की थेट बाहेर उडी मारे, मग पुन्हा तळाकडे. बाबा आमटीचा डाव हातात घेऊन हे दाखवत आणि टेबलावर आमटी सांडे. शेवटी इंजिनियरनं चकतीच्या जोडीला एक लोलक बसवला, नाक वर झालं की मागे झुकणारा आणि खाली झालं की पुढे, आणि नळी शहाण्यासारखी धावायला लागली. ही जोडी कित्येक वर्षं गुपित होती. देशोदेशीचे नौदल अधिकारी शपथा घेऊन ते गुपित शिकायला जात. "आणि त्या म्हाताऱ्याला कुणी विचारलं का?" बाबा दरवेळी विचारायचे. "ज्याला आधी सुचलं तो राहिला बाजूला." त्या न पाहिलेल्या ऑस्ट्रियन म्हाताऱ्याबद्दल बाबांना सख्ख्या काकाबद्दल वाटावं तसं वाईट वाटायचं.

टॉर्पेडो आमच्या हॉलमध्ये तयार झाला. लांबीला माझ्याएवढा, दोन्ही टोकांना निमुळता, पितळी नाकाचा. मोठे भाग संस्थेच्या वर्कशॉपमध्ये झाले, पण चकती आणि लोलक बाबांनी घरीच जुळवले. संध्याकाळी कामावरून आले की चहाचा कप बाजूला ठेवून थेट त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे. सोफ्यावर मोठा पडदा घातला होता, त्यावर तो आडवा, आणि आम्ही तिघं जमिनीवर, म्हणजे डेकवर. आई येता-जाता त्याच्यावर पदर अडकला की म्हणायची, "माझी सवत बरी होती ती युद्धनौका, निदान घरात तरी येत नव्हती." पण एका दुपारी मी शाळेतून लवकर आले तर ती एकटीच होती आणि चिंच-मीठ लावून त्याचं नाक घासत होती, देवाची समई घासावी तसं. मला बघून म्हणाली, "बघतेस काय, डाग पडतात पितळेला." तिच्या चेहऱ्यावरची काळजी तिला लपवता येत नव्हती. तिलाही परत जायचं नव्हतं. इथे बाबा रोज घरी यायचे, जहाजावर नसायचे, हे सुख तिला लग्नानंतर पहिल्यांदा मिळालं होतं.

एका रविवारी आम्ही तो पुंगोलला नेला, समुद्रावर. तेव्हाचं पुंगोल म्हणजे टोकाला जेट्टी, खेकडे-कोलंबीची हॉटेलं, आणि वारा फिरला की डुकरांच्या फार्मचा वास. आज मी तिथेच सोळाव्या मजल्यावर राहते, खालून एलआरटीची छोटी गाडी जाते, जिकडेतिकडे बाबागाड्या, आणि लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. त्या रविवारी जेट्टीच्या पायऱ्यांवर बाबा आणि दिघेकाका कमरेइतक्या पाण्यात उभे राहून टॉर्पेडोचा तोल लावत होते. म्हणजे असं की नाकात शिशाचे छर्रे भरायचे, थोडे थोडे, आणि तो कितपत तरंगतो ते बघायचं. धाव संपल्यावर त्याचं नाक तेवढं नारळाएवढं पाण्याबाहेर दिसलं पाहिजे, बाकी सगळा खाली उभा. जास्त तरंगला तर धावताना वर वर येतो, कमी तरंगला तर संपलंच. दिघेकाका म्हणाले, "अरे, थोडा हलका ठेव की, परीक्षेला नाही बसवायचाय." बाबा ऐकेनात. ते एक एक छर्रा टाकत होते, आणि दुपार कलली तेव्हा पितळी नाक अगदी नारळाएवढं, लाटांबरोबर डुलत उभं राहिलं. बाबांनी नाकाच्या टोपणावर लाख वितळवून ते बंद केलं, म्हणजे आता कुणी त्यात ढवळाढवळ करायची नाही. मग आम्ही चौघांनी मिरी घातलेले खेकडे खाल्ले, आणि बाबा इतके हसत होते की शेजारच्या टेबलावरचे लोक आमच्याकडे बघत होते.

आता झेंडीबद्दल सांगायला हवं. टॉर्पेडो सोडताना एका माणसाच्या हातात लाल झेंडी असते. त्याला काही वावगं दिसलं की त्यानं झेंडी वर करायची आणि "चेक" म्हणून ओरडायचं. मग समोर कितीही मोठा अधिकारी असो, हात जागच्या जागी थांबले पाहिजेत. कारण विचारायचं ते सगळं थांबल्यावर. आणि कारण खोटं निघालं तरी रागवायचं नाही. ह्या नियमाचा बाबांना फार अभिमान होता. आमच्या घरातही तो चालायचा. दोघांचं भांडण तापलं की मी वरणभात कालवता कालवता "चेक!" म्हणायचे आणि दोघंही खरोखर गप्प बसायचे, निदान ताटं उचलेपर्यंत. समारंभाच्या दिवशी झेंडी माझ्याकडे द्यायची असं बाबांनी ठरवलं. कॅप्टन चुआंना ते जरा विचित्र वाटलं, एवढे कॅडेट असताना मुलगी कशाला? बाबा म्हणाले, "कॅडेट मला घाबरतात. ही अजिबात घाबरत नाही." त्यात खोटं काही नव्हतं.

समारंभाला आठवडा उरला असताना जागा बदलली. पुंगोलच्या जेट्टीवर पाहुण्यांना बसायला जागा नाही, लाटा उसळतात, मासेमारीच्या बोटी मध्ये येतात, म्हणून जलाशयावर करू असं ठरलं. हा जलाशय म्हणजे पूर्वीची खाडीच. तिच्या तोंडाशी बांध घालून समुद्र बाहेर ठेवलेला. बांधावर उभं राहिलं की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला जलाशय, दोन्हीकडे तोच रंग, तोच वारा, तेच बगळे. बाबा आणि दिघेकाका पाहणी करून आले. वारा बघितला, खोली मोजली, शेवाळ कुठे आहे ते बघितलं, पलीकडच्या काठाला पाणी उथळ आहे हे बघून खूश झाले. कॅप्टन चुआंनीही सगळं दोनदा तपासलं. तीन नौदल अधिकारी, तिघांचं मिळून आयुष्य समुद्रावर गेलेलं, आणि तिघांनाही एक गोष्ट सुचली नाही. त्यांच्या पाण्यात मीठ नेहमीच होतं. ते नसेल, हा विचार त्यांनी कधी करावाच लागला नव्हता.

त्या सकाळी मी आणि आई कॅडेटांच्या बसमधून गेलो. मांडव घातला होता, मंडळाचे लोक पुढच्या खुर्च्यांवर, पंखे फिरताहेत, कुणीतरी मायक्रोफोन तपासतंय. दिघेकाका दोन कॅडेटांना घेऊन बोटीत, पार पलीकडे. बाबा काठावरच्या फळ्यांच्या धक्क्यावर, पांढऱ्या शर्टात, टॉर्पेडो त्याच्या लाकडी घसरगुंडीवर चढवलेला. मी त्यांच्या डाव्या हाताला, पंचवीसेक पावलांवर, उंचवट्यावर, झेंडी घेऊन. आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिनं सकाळी सगळ्यांसाठी रव्याचे लाडू केले होते, बोटांना तूप लागलं होतं, म्हणून ती खाली वाकून जलाशयात हात धुऊन आली. ओल्या हातानं तोंड पुसलं, ओठांवरून जीभ फिरवली, आणि आपल्याशीच बोलावं तसं म्हणाली, "गोडं आहे गो हे पाणी. मला वाटलं खारं असेल."

मला आधी काहीच वाटलं नाही. खरंच सांगते, दोन क्षण काहीच नाही. मग एकदम वर्ग आठवला. आमच्या फिजिक्सच्या बाईंनी फळ्यावर जहाज काढून त्याच्या पोटावरच्या रेघा दाखवल्या होत्या, समुद्रात जहाज इथपर्यंत बुडतं आणि नदीत शिरलं की तेच जहाज इथपर्यंत, कारण खारं पाणी जड असतं आणि जास्त उचलून धरतं. ओ लेव्हलला हमखास येणारा प्रश्न. आणि बाबांनी टॉर्पेडोचा तोल लावला होता पुंगोलच्या समुद्रात, एकेक छर्रा टाकून, नारळाएवढं नाक राहील इतकाच. इथे ते नारळाएवढं नाक राहणार नव्हतं. इथे तो धाव संपली की दगडासारखा तळाला जाणार होता, मंडळासमोर, ज्या माणसानं आजवर एक टॉर्पेडो हरवला नव्हता त्याच्या हातून. आणि पास? मायक्रोफोनवर कॅप्टन चुआ त्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याची गोष्ट सांगून संपवत होते. त्यांनी उलटे आकडे म्हणायला सुरुवात केली. कॅडेट त्यांच्यामागे ओरडायला लागले.

मी झेंडी वर केली. दोन्ही हातांनी, जितकी उंच जाईल तितकी. आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "चेक! बाबा, चेक! पाणी गोडं आहे!"

बाबांनी मान वळवली. मला ते डोळे आजही दिसतात. त्यांनी झेंडी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि माझे शब्द त्यांच्यापर्यंत पोचले, कारण त्यांचा चेहरा माझ्यासमोर बदलला. एका क्षणात त्यांना सगळं कळलं, जे मला कळायला इतका वेळ लागला होता. आजूबाजूला मराठी कुणालाच येत नव्हतं, मी मजेत ओरडतेय असंच लोकांना वाटलं असणार. आकडे संपत आले होते. मंडळाचे लोक खुर्च्यांतून पुढे झुकले होते. बाबांचा हात टॉर्पेडो सोडायच्या दांड्यावर होता. मला वाटलं, थांबले. आता हात काढतील. त्यांनी मान परत पाण्याकडे फिरवली आणि दांडा ओढला.

टॉर्पेडो इतका सुंदर धावला की काय सांगू. एक फुस्स आवाज, पाण्यात शिरला, आणि मग पृष्ठभागावर फक्त बुडबुड्यांची सरळ रेघ, पट्टीनं मारावी तशी. ना उडी, ना डुबकी. चकती आणि लोलक दोन्ही आपापलं काम करत होते. रेघ खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या दोन लाल डब्यांच्या बरोबर मधून गेली आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी मारली. आईनं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती. बाबा टाळ्यांकडे वळले नाहीत. ते आणि मी, आम्ही दोघंच त्या रेघेच्या टोकाकडे बघत होतो. मला नंतर कळलं त्यांचा हिशेब काय होता तो: धावतोय तोवर पंखांच्या जोरावर राहील, हवा पुरली तर पलीकडच्या उथळात जाऊन थांबेल, तिथे गुडघाभर पाण्यातून उचलता येईल. पण हवा पुरली नाही. रेघ काठापासून बरीच अलीकडे विरळ झाली, तुटक झाली, संपली. दिघेकाकांची बोट तिथे पोचली. काकांनी हात कपाळाला लावून बघितलं. बोट एक फेरी फिरली. मग दुसरी. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. एका पाहुण्यानं मोठ्यानं विचारलं, "वर येणार ना तो?" पंखे फिरत होते आणि लोक लाडूच्या बश्या हातात धरून पाण्याकडे बघत होते. पाणी सपाट होतं.

नौदलात काही हरवलं की चौकशी त्याच दिवशी होते, अंगावरचे कपडे सुकायच्या आत. कॅप्टन चुआंनी तेच केलं. मांडवामागे बोटी ठेवायची शेड होती, तिथे एक टेबल, ते स्वतः, मंडळाचा एक माणूस कागद घेऊन, समोर बाबा, आणि साक्षीला मी, हातात अजून ती झेंडी. सगळं इंग्रजीत चाललं होतं. पाण्याची गोष्ट बाबांनी आपणहून सांगितली, आणि कॅप्टन चुआंनी कपाळावर हात मारून घेतला. "माझ्याही लक्षात आलं नाही," ते म्हणाले. "ही चूक आपल्या सगळ्यांची धरू." मग बाबांकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "राहता राहिली झेंडी. ती वर झाली हे काही लोकांनी पाहिलंय. पण लाऊडस्पीकर चालू होता, आणि तुम्ही पाण्याकडे तोंड करून होतात, कमांडर वाला. तुम्हाला ती दिसणं शक्य नव्हतं. असंच ना?" त्यांना बाबांना वाचवायचं होतं. वाट त्यांनी स्वतः झाडून समोर ठेवली होती. झेंडी दिसली नाही तर ती चूक, आणि चूक माफ होते. दिसूनही दांडा ओढला असेल तर अशा माणसाच्या हाताखाली कुणी कॅडेट देत नाही. बाबांनी माझ्या हातातल्या झेंडीकडे बघितलं. मग कॅप्टन माझ्याकडे वळले. "तुझ्या वडिलांनी तुझ्याकडे बघितलं नाही. हो ना?"

मी तोंड उघडलं. मी काय म्हणणार होते हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मला आजही तिळमात्र लाज वाटत नाही. पण शब्द बाहेर पडायच्या आधी बाबांचा हात माझ्या खांद्यावर पडला. "बघितलं, सर," ते म्हणाले. "तिनं झेंडी वेळेवर वर केली. मला दिसली. तिनं का केली तेही मला ऐकू आलं. आणि मी टॉर्पेडो सोडला." मंडळाच्या माणसानं लिहून घेतलं. कॅप्टन चुआ म्हणाले, "असं म्हणायला नको होतं तुम्ही." पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी कॅडेटांनी गळ टाकून टॉर्पेडो गाळातून ओढून काढला, त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. करार वाढला नाही. पास संपला. माझी परीक्षा झाली आणि आम्ही गेलो. नववी शाळा मला मिळालीच, आणि सिंगापूरला मी परत आले ती पुष्कळ वर्षांनी, स्वतःच्या नोकरीवर, स्वतःच्या पासवर.

घरी जाताना आम्ही साध्या बसनं गेलो. दिघेकाका सोडतो म्हणत होते, बाबा नको म्हणाले. आई मांडीवर रिकामा डबा घेऊन पुढच्या सीटवर बसली होती, बाबा आणि मी मागे. मला भयंकर राग आला होता. आधी राग ह्याचा की मी झेंडी वर केली आणि त्यांनी मानली नाही. आणि त्याच्यावर दुसरा राग की एवढं करून वर सगळं सांगून टाकलं. बांध मागे पडला तेव्हा मला आवरेना. "सोडायचाच होता ना तुम्हाला? सोडलात. मग सांगितलंत कशाला?" मी म्हटलं. "ते स्वतः म्हणत होते दिसली नसेल म्हणून! नुसतं हो म्हणायचं होतं. आता जावं लागणार आपल्याला. तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे," बाबा म्हणाले. "त्यात काही वाद नाही. मोह झाला मला. वाटलं, उथळापर्यंत जाईल."

"मग हो म्हणायचं होतं!"

"आणि त्या कागदावर काय लिहिलं गेलं असतं, माधू? अधिकाऱ्याला झेंडी दिसली नाही. म्हणजे झेंडीवालीनं नीट धरली नव्हती. उंच धरली नव्हती. वेळेवर धरली नव्हती."

"लिहू देत ना! मला काय फरक पडतो?"

"आज नाही पडत. पण पुढे तू कुठेतरी अशीच उभी राहशील, सगळे हो म्हणत असतील आणि तुला नको म्हणायचं असेल. तेव्हा तुझ्या मनात यायला नको, की मागच्या वेळी आपली झेंडी कुणाला दिसलीच नव्हती."

मला ते पटलं नाही. सोळाव्या वर्षी असलं काही पटत नसतं, तेव्हा फक्त मैत्रिणी जाणार एवढं कळतं. मी खिडकीकडे तोंड करून बसले. बरंच पुढे गेल्यावर, अजून रागातच, मी म्हटलं, "दोन्ही हातांनी धरली होती मी."

"हो गं," बाबा म्हणाले. "दोन्ही हातांनी. टाचा उंचावल्या होत्यास तू. बघितलं ना मी." आणि कमांडर वालावलकर, भरलेल्या बसमध्ये, सगळ्यांदेखत, हुंदके देऊन रडले. आईनं मागे वळून एकदा बघितलं, डब्याच्या पिशवीतून नॅपकिन काढला आणि सीटवरून हात मागे करून त्यांच्या हातात दिला. मग मी त्यांच्या जवळ सरकले.